मधले तीन सीझन पाहिले नाहीत, तरी बसा

प्रिय ताई,

तुमचे पत्र मिळाले. नाव आणि गाव छापू नये ही तुमची विनंती पाळते आणि इतर वाचकांसाठी पत्राचा आशय आधी थोडक्यात सांगते. तुम्ही चांदूर बाजार तालुक्यात राहता. घरी संत्र्याची बाग आहे आणि रब्बीला हरभरा असतो. 'बिग बॉस मराठी' २०१८ मध्ये सुरू झाले तेव्हापासून तुम्ही ते पाहू लागलात, आणि २०१९ चे दुसरे पर्व तर शेजारच्या घरात राहणाऱ्या जाऊबाईंसोबत एकही भाग न चुकवता पाहिलेत. तुम्ही अमरावतीच्या शिव ठाकरेच्या बाजूने होतात आणि जाऊबाई नेहा शितोळेच्या बाजूने. तान्हा पोळा नुकताच आटोपलेला असताना अंतिम सोहळा झाला, शिव जिंकला, आणि त्या रात्री बोलण्यावरून बोलणे वाढत गेले ते दिवाळीपर्यंत दोघींमध्ये अबोला राहिला. पुढे सासूबाईंचे आजारपण आले, कोरोनाची दोन वर्षे गेली आणि कार्यक्रम सुटला तो सुटलाच. आता नवे पर्व सुरू आहे. परतवाड्याच्या कॉलेजात जाणारी जाऊबाईंची मुलगी ते मोबाईलवर रोज पाहते. तुम्ही कधी तिच्याजवळ बसून डोकावता, एखादे वाक्य बोलता, तर ती म्हणते, "काकू, तुमी मंधातले तीन सीझन पाह्यलेच नाई, तुमाले नाई समजत ते."

यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मधली पर्वे आधी पाहून काढावी लागतील का. शेतीमुळे रोज बसणे शक्य नसताना तुकड्या-तुकड्याने पाहण्यात आणि त्यावर मत देण्यात काही अर्थ आहे का. आणि पुन्हा २०१९ सारखे गुंतलो तर काय. शेवटी ताजा कलम म्हणून डिशवर कलर्स मराठी घ्यावे की नाही, हेही विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मधले काहीही पाहून काढण्याची गरज नाही. येत्या शनिवारी बसा. हा कार्यक्रम कथामालिका असता तर मी हे इतक्या सहज म्हटले नसते, कारण मालिकेत तीन वर्षे गैरहजर राहिलेल्या माणसाला कोण कोणाची सून आणि कोण कोणाचा हरवलेला भाऊ हे कळता कळत नाही. इथे मात्र प्रत्येक पर्वात घर नव्याने सजते, माणसे नवी येतात, भांडणे शून्यापासून सुरू होतात आणि अंतिम सोहळ्याच्या रात्री सगळा हिशेब मिटतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' सुरू झाले तेव्हापासून ही रचना अशीच आहे. हिंदीत ती २००६ मध्ये आली आणि मराठीत १५ एप्रिल २०१८ रोजी. अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसांना एका घरात कोंडायचे, फोन, घड्याळ आणि वर्तमानपत्र काढून घ्यायचे, आणि ती एकमेकांशी कशी वागतात ते बाहेरच्यांनी पाहायचे, इतकाच तिचा गाभा आहे. तो तुम्ही दोन पर्वे पाहून चांगलाच ओळखता.

तरीही पुतणीसमोर अगदीच कोरे बसावे लागू नये म्हणून मधल्या वर्षांचे जे माहीत असणे पुरेसे आहे ते इथेच सांगून टाकते. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात विशाल निकम जिंकला आणि जय दुधाणे उपविजेता ठरला. चौथे पर्व २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन ८ जानेवारी २०२३ रोजी संपले. त्यात अक्षय केळकर विजेता आणि अपूर्वा नेमळेकर उपविजेती. पहिल्या चारही पर्वांत महेश मांजरेकरच सूत्रसंचालक होते, म्हणजे तुमच्या ओळखीचा आवाज तुम्ही नसतानाही तिथे होताच. मोठा बदल झाला तो पाचव्या पर्वात, २०२४ साली, जेव्हा रितेश देशमुख सूत्रसंचालक म्हणून आले. सूत्रसंचालकाचा आठवड्याअखेरचा भाग, ज्याला तुमच्या वेळी 'विकेंडचा डाव' म्हणत, तो 'भाऊचा धक्का' झाला, आणि एरवी शंभर दिवसांच्या आसपास चालणारा खेळ त्या वर्षी सत्तर दिवसांतच आटोपला. त्या पर्वाचा विजेता सूरज चव्हाण, बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, अत्यंत गरिबीतून आलेला आणि रील्समुळे लोकांना माहीत झालेला मुलगा. उपविजेता होता अभिजीत सावंत, २००५ मध्ये 'इंडियन आयडल'चे पहिले पर्व जिंकलेला तोच गायक. तो तुम्हाला पुतणीपेक्षा जास्त आठवत असेल. आणि तुमचा शिव ठाकरे हिंदी 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे उपविजेता ठरला. आणखी हौस असेल तर पाचव्या पर्वाचा फक्त अंतिम सोहळा पाहा, पण तो हौस म्हणूनच पाहा, अभ्यास म्हणून पाहू नका.

पुतणी म्हणते त्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, फक्त तिने कारण चुकीचे दिले आहे. तुम्हाला मागे पडल्यासारखे वाटते ते सुटलेल्या पर्वांमुळे वाटत नसून, घरात येणाऱ्या माणसांची ओळख आता आधी मोबाईलवर होते म्हणून वाटते. २०१९ मध्ये घरात शिरणारे बहुतेक चेहरे मालिका, नाटक आणि चित्रपटांतले होते. किशोरी शहाणे घरात आल्या तेव्हा त्या कोण, हे तुमच्या घरात कोणाला सांगावे लागले नसेल. पाचव्या पर्वात मात्र वर्षा उसगांवकर यांच्यासारख्या अभिनेत्रीच्या शेजारी कोकणातली अंकिता वालावलकर, कोल्हापूरचा धनंजय पोवार, सूरज चव्हाण अशी माणसे होती, ज्यांना लाखो लोक आधीपासून मोबाईलवर पाहत होते आणि टीव्हीवरच करमणूक करणाऱ्यांना ती पूर्णपणे नवखी होती. त्यामुळे पुतणी पहिल्या दिवसापासून त्यांच्याविषयी काही तरी ग्रह करून बसलेली असते आणि तुम्ही नसता. ही तुमची उणीव आहे असे मला अजिबात वाटत नाही. एखाद्या मुलाने घरात चार दिवस काम केले की टाळले, म्हाताऱ्या सदस्याशी तो कसा बोलला, हरल्यावर त्याचे तोंड कसे झाले, एवढ्यावरूनच तुम्ही त्याला तोलणार, आणि त्याची बाहेरची कीर्ती तुमच्या पारखण्याच्या आड येणार नाही. ज्यांची नावे ऐकलीच नाहीत अशांविषयी पुतणीला एकदा सरळ विचारून घ्या, म्हणजे काम भागले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते पत्रातला खरा काटा तोच आहे. रोज न पाहणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे का, हा तो प्रश्न. तुम्ही त्या घराचा विचार करा. तिथे दिवसाचे चोवीस तास कॅमेरे सुरू असतात, भिंतीभिंतीत लावलेले, आणि त्यातून आपल्यापर्यंत येतो तो तास-सव्वा तासाचा भाग. म्हणजे एकही भाग न चुकवणाऱ्या माणसाच्या वाट्यालाही दिवसाचा विसावा-चोविसावा हिस्सा येतो, आणि तोही दुसऱ्या कोणी तरी निवडलेला. सकाळी झालेल्या भांडणाआधी अर्धा तास काय घडले, कोणी कोणाला मुद्दाम डिवचले, रात्री कोण कोणाजवळ रडले, यातले पुष्कळ काही संकलनाच्या टेबलावरच राहते. पुतणी तुकडे पाहते, तुम्ही त्याहून थोडे कमी तुकडे पाहाल, हाच काय तो फरक. गावात हरिनाम सप्ताह असला की काही लोक सातही दिवस मांडव सोडत नाहीत आणि काही जण कामातून उसंत मिळेल तेव्हा एखाद्या रात्री कीर्तनाला येऊन बसतात. त्या एका रात्रीच्या माणसाला कोणी दारातून परत पाठवल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पाहायचे कसे, याचे मात्र थोडे नियोजन करा, नाही तर नमनालाच घडाभर तेल जाईल आणि हाती काही लागणार नाही. तुम्ही लिहिले आहे की कृषिपंपाची लाईन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, आणि रात्रीच्या आठवड्यात तुम्ही दोघेही ओलितासाठी शेतात असता. मग तो आठवडा पूर्ण सोडून द्या. मोबाईलवर जिओहॉटस्टारला जुने भाग असतात हे खरे, परंतु रात्री बारा-एकला शेतातून येऊन, पाय धुऊन, अंथरुणात पडल्या पडल्या चार भाग संपवण्याच्या नादी लागू नका. त्यात झोप जाते, दुसऱ्या दिवशीचे काम जाते, आणि पाहण्याचा आनंद म्हणाल तर तोही मिळत नाही. सुटले ते सुटले म्हणा आणि पुतणीकडून ऐका.

लाईन दिवसा असलेल्या आठवड्यात दोन रात्री निवडा. पहिली शनिवारची किंवा रविवारची, जेव्हा सूत्रसंचालक घरातल्यांना समोर बसवून आठवड्याचा हिशेब घेतो, वादाची दृश्ये पुन्हा दाखवतो आणि कोण घराबाहेर जाणार ते कळते. ज्याने आठवडाभर काहीही पाहिलेले नाही त्यालाही त्या रात्री गोष्टीचा धागा सापडतो. दुसरी रात्र नॉमिनेशनची, म्हणजे घराबाहेर कोणी जावे यासाठी नावे सुचवण्याची, साधारणतः आठवड्याच्या सुरुवातीची. पुष्कळ लोकांना टास्कची, म्हणजे खेळांची, धक्काबुक्कीची रात्र आवडते, पण मला विचाराल तर या घरातली सगळ्यांत मोलाची रात्र नॉमिनेशनचीच. प्रत्येकाला कोणाचे तरी नाव घ्यावे लागते आणि कारण द्यावे लागते, आणि त्या कारणात माणूस उघडा पडतो. कोणी खरे कारण सांगतो, कोणी दोन आठवड्यांपूर्वीचा राग पोटात ठेवून "तुझे योगदान दिसत नाही" असे गुळमुळीत बोलतो, कोणी मैत्रिणीचे नाव घेताना तिच्याकडे पाहूच शकत नाही. त्या वेळी बोलणाऱ्याकडे कमी आणि ज्याचे नाव घेतले जात आहे त्याच्याकडे जास्त पाहा. मधले चार भाग पाहिलेले नसतानाही घरातले गट, रुसवे आणि लपवालपवी तुम्हाला त्या एका तासात समजेल. वाइल्ड कार्डने कोणी मध्येच घरात आला तर त्या आठवड्यातली ही रात्र मात्र चुकवू नका, कारण कानामागून येऊन तिखट झालेल्या माणसाला जुनी मंडळी कशी वागवतात, हे पाहण्यासारखे असते.

आणखी एक जागा आहे, जिथे तुमच्याइतकी तयार नजर कॉलेजातल्या मुलीजवळ असणे शक्य नाही, आणि ती म्हणजे त्या घरातले स्वयंपाकघर. तिथे राशन मोजके असते, कामे वाटलेली असतात, कॅप्टन कोण यावर कोणाला भांडी आणि कोणाला झाडू हे ठरते, आणि पहिल्या दोन आठवड्यांतली निम्मी भांडणे चहा, साखर, पोळ्यांची संख्या आणि ओट्यावर तशीच पडलेली कढई यांवरून होतात. ज्या बाईने एकत्र कुटुंबात सणावाराचा स्वयंपाक काढला आहे तिला हे पाहताच कळते की कोण कणीक मळून बाजूला झाली आणि कोण शेवटच्या पोळीपर्यंत तव्यासमोर उभी राहिली. कोण कॅमेऱ्याकडे तोंड करून भाजी चिरतो आणि कोणी सगळे जेवल्यावर उरलेल्या भाजीत स्वतःचे भागवले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते त्या झगमगीत घरालाही लागू आहे. पुतणी तुम्हाला सांगेल की अमक्याचा गेम मजबूत आहे. तुम्ही तिला विचारा की त्याने आजवर एकदा तरी सगळ्यांचा चहा केला का. या प्रश्नावर ती तुमच्याकडे वळून पाहील, आणि पुढच्या भागात ओट्याकडे लक्ष ठेवील.

मत देण्याबद्दल एवढेच म्हणेन की कमी पाहणाऱ्याने निकाल देण्याआधी विचारावे. "हा असा का ओरडून राह्यला, आधी काय झालं होतं?" असे विचारलेत की पुतणीला दोन गोष्टी सांगण्याची संधी मिळते, आणि रोज पाहणाऱ्या माणसाला सांगण्याइतका आनंद कशातच नसतो. तुम्ही भाकरी थापता थापता ती चुलीजवळ बसून आठवडाभराची हकीकत सांगेल. त्यात तिची बाजू मिसळलेली असेल, ती तुम्हाला ओळखूही येईल, आणि कोणाविषयी ती जरा जास्तच रागाने बोलते आहे हेही लक्षात येईल. मग तुमचे मत तुम्ही निःसंकोच सांगा. फक्त एखाद्या मुलीने दोन मिनिटांच्या दृश्यात आवाज चढवला म्हणून तिच्या घराण्यापर्यंत आणि संस्कारांपर्यंत जाऊ नका. अशा कार्यक्रमांतल्या बायकांबद्दल मोबाईलवर जी भाषा वापरली जाते ती वाचून मला अनेकदा वाईट वाटले आहे; त्या माणसांना आई-बाप आहेत, मुले आहेत, आणि घराबाहेर आल्यावर ते सगळे त्यांच्या वाचनात येते. तुमची पुतणी अशा शेऱ्यांखाली हसण्याचे चिन्ह टाकत असेल तर काकू म्हणून तिला तेवढे टोकाच. त्यासाठी एकही जुने पर्व पाहिलेले असण्याची गरज नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी याच ओघात सांगते. वीकेंडच्या भागाचे चित्रीकरण प्रसारणाआधीच होते, त्यामुळे कोण बाहेर पडले ही बातमी पुष्कळदा तुम्ही टीव्ही लावण्याच्या आधीच व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर येऊन पडते. उत्सुकता टिकवायची असेल तर पुतणीला सांगून ठेवा की भाग पाहीपर्यंत बोलायचे नाही. दुसरे असे की एखाद्या स्पर्धकाला वाचवण्यासाठी मत द्यावेसे वाटले तर ते अधिकृत ॲपवरूनच द्या. मतासाठी पैसे भरा, बक्षीस लागले आहे, ओटीपी सांगा, अशी लिंक किंवा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने लॉटरी लागल्याचे खोटे निरोप पाठवून खेड्यापाड्यांतल्या लोकांना असेच लुबाडले गेले आहे. मत न दिल्याने तुमच्या पाहण्यात काही उणे राहत नाही.

आता तिसरा प्रश्न, जाऊबाईंचा. तुम्ही लिहिता की "एका टीव्हीच्या कार्यक्रमावरून आम्ही अबोला धरला याची आजही लाज वाटते." ताई, मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही, मात्र समजून घेण्यासारखे पुष्कळ दिसते. या कार्यक्रमाची बांधणीच अशी आहे की पाहणाऱ्याने बाजू घ्यावी. घरात गट पडतात, दर आठवड्याला कोणी तरी धोक्यात येतो, आणि त्याला वाचवण्यासाठी मत द्या असे आपल्याला सांगितले जाते. रोज रात्री हे तीन महिने चालले की परक्या माणसाचा जय-पराजय स्वतःचा वाटू लागतो. त्यात तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. मराठी वाहिन्यांवर मुंबई दिसते, पुणे दिसते, कोकण दिसते, कोल्हापूर दिसते. आपला वऱ्हाड एक तर दुष्काळाच्या आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत दिसतो किंवा हसू आणणाऱ्या गड्याच्या बोलण्यात ऐकू येतो. अशा वेळी अमरावतीचा एक साध्या घरातला मुलगा एवढ्या मोठ्या घरात टिकला, मानाने वागला आणि १ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जिंकला, तेव्हा तुमच्यासारख्या हजारो लोकांना आपणच कोणाच्या तरी नजरेस पडलो असे वाटले. जाऊबाईंनी त्या रात्री त्याला नावे ठेवली, आणि ती तुम्हाला स्वतःला ठेवल्यासारखी लागली. त्यांच्या बाजूनेही पाहा. नेहा शितोळे तडफेने खेळणारी, डोक्याने चालणारी बाई होती. घरात आपले म्हणणे ठामपणे मांडणारी बाई जाऊबाईंना का भावली असेल, हे तुम्ही त्यांच्या जागी बसून एकदा मनाला विचारले पाहिजे. त्यांच्या लेखी हरलेली ती एकटी नेहा नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा आहे की हा कार्यक्रम पुन्हा पाहायचा तर जाऊबाईंना टाळून पाहू नका. दिवाळीनंतर बोलणे सुरू झाले, येणे-जाणे आहे, पण त्या घटनेनंतर दोघींनी मिळून हा कार्यक्रम कधीच लावला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांची मुलगी तुमच्याजवळ बसून पाहते आणि त्या पलीकडच्या घरात एकट्या असतात, ही मांडणी फार दिवस बरी नाही. उद्या त्यांना वाटेल की माझ्या मुलीलाही हिने आपल्या बाजूला ओढले. जुना विषय उकरून काढण्याची, माफी मागण्याची किंवा मागवण्याची गरज नाही. "शनिवारी रात्री बिग बॉस लावतो आहोत, चहा इकडेच घ्या," एवढा निरोप मुलीच्या हातून न पाठवता स्वतः अंगणातून हाक मारून द्या. त्या आल्या तर उत्तम. नाही आल्या तर लाईन दिवसा असलेल्या पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा, आणि तेवढ्यावर थांबा.

त्या आल्या की पहिले तीन-चार आठवडे कोणीच कोणाचा आवडता ठरवू नये, असे हसतखेळत ठरवून टाका. घरातली माणसे स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. सुरुवातीला गोड बोलणारा पुढे कसा निघेल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि पहिल्याच दिवशी बाजू घेतली की पुढे आपण त्या माणसाला पाहत नाही, त्याची वकिली करत बसतो. भाग संपला की टीव्ही बंद करून दहा मिनिटे काय बोलायचे ते तिघी मिळून बोला आणि विषय तिथेच सोडा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे एक अक्षरही नको, कारण समोरासमोर थट्टेने बोललेले वाक्य लिहिले की टोचते, आणि मग त्यात दीर, नणंदा, नणंदांचे जावई असे सगळे पडतात. आठवड्यातून एक-दोनदा पाहणाऱ्याला तशीही रोज पाहणाऱ्याइतकी धग लागत नाही, हा तुमच्या नव्या पद्धतीचा मोठा फायदा आहे. पुन्हा विदर्भातला कोणी स्पर्धक आला तर त्याचा अभिमान जरूर वाटू द्या, मोठ्याने वाटू द्या. फक्त त्याच्यावर टीका करणारी व्यक्ती आपल्या मातीवर टीका करते आहे असे धरून चालू नका.

एक शक्यता तुम्ही पत्रात धरलेली नाही, ती मी धरते. सात वर्षांपूर्वी जे तुम्हाला आवडले ते आता आवडेलच असे नाही. सासूबाईंचे शेवटचे दिवस काढल्यावर, कोरोनात जवळची माणसे गेलेली पाहिल्यावर, एखाद्या टास्कमधल्या पाण्याच्या पिंपावरून चाललेला आरडाओरडा कानाला नकोसा होऊ शकतो. घरात लहान नातवंडे असतील तर तिथली भाषा त्यांच्या कानावर पडावी की नाही, हाही प्रश्न उभा राहतो. माझे मत स्पष्ट आहे, दहा वर्षांखालच्या मुलांना त्या वेळी समोर बसवू नये. दोन-तीन शनिवार पाहून मन रमले नाही तर निश्चिंत मनाने बंद करा. पुतणीला आणि जाऊबाईंना बोलावण्याचे निमित्त म्हणून एखादा गाण्याचा कार्यक्रमही चालेल. बसणे मोडू नका.

राहिला डिशचा प्रश्न. कलर्स मराठी ही सशुल्क वाहिनी आहे, पण तिच्यासाठी मोठे पॅकेज घेण्याची सक्ती नाही. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडता येते, तेव्हा रिचार्ज करणाऱ्या दुकानदाराने शंभर वाहिन्यांचा गठ्ठा पुढे केला तरी फक्त ही एक वाहिनी जोडून मागा आणि तिचा महिन्याचा दर आधी विचारून घ्या. पूर्ण पर्व साधारण तीन महिन्यांचे असते. तरी रिचार्ज तीन महिन्यांचा करू नका, एकाच महिन्याचा करा. तो संपेपर्यंत तुमच्या घरी शनिवारी कोण कोण बसते ते कळलेले असेल, आणि पुढच्या महिन्याचे पैसे भरायचे की नाही हे तुम्ही आणि जाऊबाई मिळून ठरवू शकाल.